भरमाण्णानं पोहणं सोडलं

भरमाला पोहायचा कंटाळा आला होता, आणि ही गोष्ट गावात कुणाला सांगायची सोय नव्हती.

गुडघे गेले म्हणून म्हाताऱ्यानं देवळाची पायरी सोडली, तर गाव समजून घेतं. दातांपायी ऊस सोडला, साखरेपायी चहा सोडला, सुनेपायी घर सोडलं, सगळं समजून घेतं. पण कंटाळा? कंटाळा शाळेतल्या पोरांना येतो. बेळगावहून खानापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पोटाला शेत आणि पगाराला फौंड्री, असं दोन डगरींवर पाय ठेवून जगणारं. इथं पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ताप येतो, राग येतो, पाव्हणा येतो. कंटाळा येत नाही.

शिवाय भरमाचं पोहणं हे काही एकट्या भरमाचं नव्हतंच. देवळापुढची घंटा कशी, येईल तो वाजवून जातो, तसं ते होतं.

त्याला ते शिकवलं त्याच्या बापानं, महादेवनं. महादेवला स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि शिकवायला तेवढंच कारण त्याला पुरेसं होतं. "मला येत न्हाय, म्हणून तुला याय पायजे. दोघांस्नी बी न्हाय आलं तर एकमेकास काढायचं कुणी?" असा त्याचा हिशेब. मग उन्हाळ्यात रोज सकाळी गावविहिरीवर ही शाळा भरे. पोरगा पाण्यात, पाठीला वाळका भोपळा बांधलेला, कमरेला दोरी. आणि दोरीचं दुसरं टोक धरून काठावर कोरडाठाक मास्तर उभा. "हात मार! पाय मार! त्वांड मीट! आरं उघड की, मेलास काय? मीट, मीट!" पोरगा तोंड उघडी तेव्हा पाणी आत जाई आणि मिटे तेव्हा नाकातून बाहेर येई. काठावर धुणं धुणाऱ्या बाया म्हणत, "महादेवा, पोरगं शिकतंय का तू?"

बाकीच्या पोरांना त्यांचे भोपळे तरंगवत. भरमाचा भोपळा मात्र चार हात मारले की जड व्हायचा, आठ मारले की आणखी जड. त्याला वाटलं, पोहणं म्हणजे हेच असणार. पाठीवरचं ओझं वाढत जातं आणि आपण वर राहायचं. त्यानं तक्रार केली नाही. पंधरवड्यानं बापाला शंका आली. त्यानं भोपळा सोडून कानाशी हलवला, तर आत डचमळ डचमळ. बुडाला बारीक चीर होती. अर्धी घागर पाणी निघालं. दुसरा बाप असता तर पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला असता. महादेव तो भोपळा काखेत मारून गावभर फिरला. "बघा, बघा. लोकांची पोरं तरत्या भोपळ्यावर पवत्यात. माझं बुडत्या भोपळ्यासंगट पवतंय!"

भोपळा सुटल्यावर भरमा पाण्यात इतका हलका झाला की त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो पोटभर पाणी प्याला. त्या उन्हाळ्यात तो दुपार दुपार विहिरीत असे. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडत, डोळे लाल होत, आई काठावरून शिव्या घाली. पोहणं त्याचं स्वतःचं होतं, ते तेवढा एकच उन्हाळा.

पुढच्या वर्षी एका नव्या नवरीची तांब्याची घागर निसटून तळाला गेली आणि भरमानं ती वर आणली. गावानं त्याच्याकडं बघितलं, आणि तिथनं पुढं गाव काही त्याच्याकडं बघायचं थांबलं नाही.

घागरी झाल्या, कळश्या झाल्या. इंजिनं गेली, मोटारी आल्या, तसे त्यांचे फुटवाल आले. फुटवाल म्हणजे पाइपाच्या खालच्या तोंडाची झडप. ती गाळात रुतली की पाणी चढत नाही, आणि ती मोकळी करायला कुणीतरी तळापर्यंत जावं लागतं. हे कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न कधी पडलाच नाही. किल्ल्या, चष्मे, एक रेडकू, आणि अलीकडं मोबाइल. मोबाइल वर आणला की मालक तो कानाला लावून बघायचा. "लागंना रं," म्हणायचा, जणू बिघाड भरमानं केलाय.

बोलावणं कसलं आहे ते त्याला दारातल्या आवाजावरून कळे. "भरमाण्णा, हाईसा काय घरात?" असं गोड खालच्या पट्टीत आलं की बाई, आणि बाई म्हणजे भांडं. दारात मोटरसायकल उभी राहिली आणि कुणी इंजिन बंद केलं नाही की फुटवाल. आणि कुणी हाक न मारताच उंबऱ्याशी उभं राहून नुसतं खाकरलं, की भरमा ताटावरनं उठून हात धुवी आणि दोर घेई. बुडालेल्या माणसाचं बोलावणं तसं येई. अशा दिवशी पाण्यात जाताना गाव गप्प असे. वर आल्यावर सगळे त्या माणसाभोवती गोळा होत, आणि भरमा एकटाच बाजूला ओल्या चड्डीत कुडकुडत उभा राही. कुणीतरी कधीतरी म्हणे, "भरमास च्या द्या रं." कधी म्हणायचं राहून जाई.

त्यातलं एखादं मनाला लागलं आणि त्या दिवसापासून पाणी नकोसं झालं, असं काही घडलं असतं तर सांगायला बरं पडलं असतं. तसं काही नव्हतं. दिवसभर उद्यमबागेच्या फौंड्रीत भट्टीपुढं भाजायचं, बसला लोंबकळत घरी यायचं, आणि तोंडावरची काळी पूड धुवायच्या आत दारात मोटरसायकल. "जरा उतरायचं बघ की. जरा." डाव्या कानात कायमची शीळ वाजत असे. चड्डी कधी नीट वाळत नसे. एवढंच होतं. एवढं साठत गेलं, आणि एक दिवस भरलं.

तो दिवस सौंदत्तीहून परत येतानाचा. पौर्णिमेला देवीला जाऊन आलेल्या माणसांनी बस गच्च भरलेली. भरमा खिडकीशी, कपाळाला भंडारा, मांडीवर प्रसादाचा नारळ. शेजारी बायको यल्लव्वा. मागच्या बाकावर पंचायतीचा मेंबर आण्णाप्पा. आण्णाप्पाची कुठलीही गोष्ट कानडीतल्या "नोड्री"नं, म्हणजे 'बघा'नं सुरू होई आणि "आयतु"नं, म्हणजे 'झालं'नं संपे. मधला भाग ऐकला नाही तरी चालत असे, कारण मधे तो काम सांगे.

"नोड्री, भरमा. उद्या सकाळी आमच्या मळ्याच्या विहिरीत उतरायचं हाय. फुटवाल रुतलाय. जरा म्हंजे काय, गेलास का आलास. आयतु?"

भरमा रांगेत उभा राहून पार मोडला होता. उद्या सकाळ, मळा, गार पाणी, हे सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सोडलंय मी."

"काय सोडलास?"

"पवणं."

"कवा?"

भरमानं मांडीवरच्या नारळाकडं बघितलं. "आत्ताच. आईपुढं."

बसमधला गलका विझला. देवीपुढं सोडलं म्हणजे सोडलं. त्यावर घासाघीस नाही. आण्णाप्पानं बाकाखाली पुढं आलेले पाय मागं ओढून घेतले आणि हात जोडले. "यप्पा! मग न्हाय बाबा. मग कोण काय बोलणार?"

"लई मोठं सोडलास, भरमाण्णा," पुढनं कुणी म्हणालं. "आमच्या चुलत्यानं वांगं सोडलं. ते बी फकस्त भरताचं. भाजीचं खातोय."

"हेनं तर हातपायच सोडलं म्हणायचं."

लोक मागं वळून वळून त्याच्याकडं बघत होते, आणि यल्लव्वा सरळ समोर, ड्रायव्हरच्या डोक्याकडं बघत होती. देवळात ती त्याला खेटून उभी होती. त्यानं देवीपुढं काय सोडलं आणि काय नाही, हे तिला ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं चूल पेटवली, भाकरी टाकली, आणि मग पाठमोरीच म्हणाली, "आईच्या नावानं खोटं बोललासा."

"तोंडातनं निघालं."

"निघालं म्हंजे? तोंड हाय का मोरी?"

"यल्लव्वा, मला कंटाळा आलाय."

"कशाचा?"

"पाण्याचा."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. थोड्या वेळानं तिनं दोन ताटं वाढली, तर तिच्या ताटात भाकरी आणि ताक. ठेचा नाही, आमटी नाही.

"हे काय?"

"तुम्ही बोललासा ते खोटं. पर तिच्या दारात कुणीतरी कायतरी सोडल्यालं असाय पायजे का न्हाय? मी तिखट सोडलं."

"अगं, कशापायी?"

"जेवा."

भरमाला वाटलं, आठ दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. पण ते सोडलं तर भरमाला आयुष्यात पहिल्यांदा बरे दिवस आले. फौंड्रीतून यायचं, कट्ट्यावर बसायचं, आणि बसून राहायचं. मोटरसायकली दारावरून सरळ पुढं जात. काही जण तर जाता जाता हात जोडत. गणपती गावानं आपापले बुडवले. पोरांना पोहायला हायस्कूलचे युवराज सर शिकवू लागले, मोबाइलवर व्हिडिओ दाखवून: "हे पाहा, श्वासोच्छ्वासाची लय कशी राखली आहे." पोरं लय राखत नाकातोंडात पाणी घेत. भरमाच्या कानातली शीळ एक दिवस बंद झाली, आणि ती बंद झालीय हे कळायलाही त्याला दोन दिवस लागले. इतकं बरं वाटे की त्याची त्यालाच लाज वाटे.

शिमग्याच्या सुमारास गावविहिरीतली नळपाण्याची मोटार दुरुस्तीला वर काढताना साखळी तुटली. मोटार, पाइप, सगळं धाडदिशी तळाला. नळ कोरडे पडले.

तरणी पोरं शड्डू ठोकून उतरली आणि कान धरून वर आली. "खाली लई गार हाय." "कायबी दिसंना झालंय." "कानात सुई घातल्यागत होतंय." बेळगावहून पाणबुडे आणायचं ठरलं, ते म्हणाले, पुढल्या आठवड्यात बघू. तो आठवडा आला आणि काम त्याच्या पुढल्या आठवड्यावर गेलं. टँकर आला, वरच्या आळीतच रिकामा झाला. मग बाया डोंगराकडच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. यल्लव्वाही जाऊ लागली. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, आणि दोन्ही गुडघे आधीच तक्रारीत. भरमा कट्ट्यावर बसलेला असे. तो घागर उतरवायला उठे, तर ती म्हणे, "बसा, बसा." घागर खाली ठेवी, भिंतीला हात लावून श्वास घेई, आणि परत चुंबळ डोक्यावर घेई. भरमा एकदा तिच्याबरोबर झऱ्यावर गेला, तर बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तिनंच त्याला परत धाडलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती मारत नव्हती. कट्टा हळूहळू टोचू लागला.

गावाला मात्र तोड सापडली. देवीपुढं सोडलंय, तर देवीलाच विचारू. भरमाला तिनंच परवानगी द्यावी. गावच्या यल्लम्माच्या देवळात कौल लावायचा. गुणाबाई पुजारीण मूर्तीला आंघोळ घालणार, ओल्या खांद्यांवर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवणार. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गावाला भरमासाठी एवढी तळमळ लागली की लोकांनी आपणहून नारळ आणले. कुणी त्याला विचारलं मात्र नाही.

भरमा अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून खांबाला टेकून बसला.

फुलं चिकटली आणि आण्णाप्पा पुढं झाला. बेळगावच्या कचेरीत साहेबापुढं वाकतो तसाच तो देवीपुढं वाकला. "आई, नोड्री. काम सार्वजनिक हाय. वैयक्तिक न्हाय. आमच्या मळ्याचं असतं तर मी शबूद काढला नसता. जरा तेवढं उजवीकडनं करून द्या. आयतु?"

फूल हललं नाही.

युवराज सरांनी घसा साफ केला. "माझ्या मते मागणीच चुकीच्या पद्धतीनं मांडली गेली आहे. आपण शपथ रद्द करायला सांगत नाही. तिला केवळ एका दिवसापुरती स्थगिती द्यावी, एवढीच नम्र विनंती आहे."

"देवीला स्थगिती कळतीया काय, सर?"

"प्रयत्न करायला हरकत नाही."

फूल हललं नाही. ऊन वर आलं. लोक आळसटले, पाय लांब करून बसले. एकानं गुणाबाईला सुचवलं, "जरा सैल चिकटवायचं व्हतंस की." गुणाबाईनं नुसतं बघितलं. तो मागं सरकला.

आणि खांबाशी बसलेला भरमा आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवीला काही मागत होता. 'नको टाकूस, आई. एवढ्या येळंला नको टाकूस.' हे मागायला आपल्याला तोंड नाही हे त्याला कळत होतं. तरी तो मागत होता.

देवळाच्या खालच्या पायरीवर यल्लव्वा येऊन बसली. झऱ्याची एक खेप झाली होती. रिकामी कळशी बाजूला, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारच्या बाईनं भडंगाचा पुडा तिच्यापुढं धरला. लालभडक, लसणाची.

"घे की गं, यल्लव्वा. सकाळधरनं पोटात काय न्हाय तुझ्या."

"नको गं. तिखट खात न्हाय मी."

"कवापासनं?"

"झालं की लई दिवस."

"का सोडलंस?"

"असंच," यल्लव्वा म्हणाली, आणि गुडघा चोळू लागली.

भरमा उठला. सगळे फुलाकडं बघत होते, त्यामुळं तो मधोमध येऊन उभा राहिला तेव्हा लोकांना तो आडवा आल्यासारखं वाटलं.

"बाजूला हो की रं. पडंल आत्ता."

"पडूदे न्हाईतर ऱ्हाऊदे," भरमा म्हणाला. "मी सोडलंच न्हवतं."

"म्हंजे?"

"आईपुढं मी काय बोललोच न्हाय. मला पवायचा कंटाळा आलता. आणि कंटाळा आलाय म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही ऐकला नसतासा. म्हणून तिचं नाव सांगितलं."

आण्णाप्पानं तोंड उघडलं, तर त्यातून "नोड्री"सुद्धा निघालं नाही. अखेर युवराज सर म्हणाले, "कंटाळा म्हणजे नेमकं काय? काही आरोग्यविषयक?"

"न्हाय, सर. कंटाळाच."

आता गुणाबाई काय करते, याकडं सगळ्यांचे डोळे लागले. देवीचं नाव खोटं घेतलेलं. तिनं भंडारा उधळून शाप दिला असता तरी गावानं मान डोलावली असती. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि मूर्तीशेजारीच बसकण मारली.

"मला बी येतोय," ती म्हणाली.

"काय?"

"कंटाळा. रोज पाटंचं उठून हिला गार पाण्यानं न्हाऊ घालतीया. बोटं वाकडी झाली, ही बघ. मी कुणापुढं सोडू? हिला हिच्यापुढंच सोडू व्हय?"

आधी एक बाई हसली, मग सगळंच देऊळ. हसणंही थकल्यासारखंच, खोकल्यासारखं आलं आणि ओसरलं. त्या गडबडीत फूल कधी पडलं आणि कुठल्या बाजूचं पडलं, ते कुणी बघितलंच नाही.

"चला," भरमा म्हणाला. "दोर कुठाय?"

विहिरीच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. भरमानं पाय घातला. पाणी ओळखीचं होतं, आवडीचं नव्हतं. पहिल्या बुडीला तळ लागला नाही, छाती जुनी झाली होती. दुसऱ्या बुडीला पाइप हाताला लागला. कानात सुई शिरली. गाळातून चाचपत, ज्या गोष्टी हाताला लागू नयेत असं वाटत होतं त्या आठवत, त्यानं मोटारीची कडी शोधली. कितव्या बुडीला दोराचा आकडा तिच्यात अडकला ते त्यानं मोजलं नाही. वर येऊन त्यानं नुसता हात हलवला आणि काठावरची पोरं दोराला भिडली. मोटार गाळ ओकत वर गेली. वर शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी नारळ फोडला.

भरमा सगळ्यात खालच्या पायरीला धरून पाण्यातच उभा होता. दात वाजत होते. डाव्या कानात शीळ पुन्हा सुरू झाली होती.

"भरमा," वरून आण्णाप्पा वाकून म्हणाला, "नोड्री, आता उतरलाच हाईस तर आमच्या सुनेचं पैंजण पडलंय हितंच, त्या उंबराच्या अंगाला. भिजलाच हाईस न्हवं? जरा एक बुडी मार."

भरमानं वर बघितलं. भिजलाच होता, हे खरं होतं. काठावरच्या उंबराकडची बाजू चार हातांवर होती, हेही खरं होतं. पायरीवरचा हात सुटायला लागलासुद्धा होता, आपल्या आपण, इतक्या वर्षांच्या सवयीनं. त्यानं तो परत घट्ट केला.

"न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय म्हंजे? आता परत काय सोडलास?"

"काय सोडलं न्हाय. मी न्हाय जाणार."

आण्णाप्पानं सरांकडं बघितलं. सरांनी चष्मा पुसायला घेतला. भरमा ते सगळं खालून बघत होता. अशी भीती त्याला कुठल्या बुडीलाही वाटली नव्हती. दुसरा शब्द जोडावा, कान दुखतोय म्हणावं, सुट्टी संपली म्हणावं, असं जिभेवर आलं. त्यानं गिळलं.

"बरं," शेवटी आण्णाप्पा म्हणाला. "ऱ्हाऊदे मग."

यल्लव्वा टॉवेल घेऊन चार पायऱ्या उतरून थांबली होती. पुढच्या शेवाळात पाय टाकायची तिची छाती नव्हती. भरमा एक एक पायरी चढून तिच्यापर्यंत आला. तिनं त्याचं डोकं खसखसून पुसलं, अगदी लहान पोराचं पुसतात तसं, गावादेखत.

"संध्याकाळला आमटी करू काय?" तिनं विचारलं. "झणझणीत?"

त्यानं मान डोलावली, आणि दोघं एकमेकांना धरून राहिलेल्या पायऱ्या चढू लागली.